लिंगमपल्लीला उतरायचं: एका चाहतीचं प्रकरण

दोनशे पानी वहीच्या शेवटच्या पानावर तिनं अकरा मुद्दे लिहून आणले होते आणि अकरावा खोडलेला होता. नुसती रेघ मारून नव्हे. बॉलपेननं इतका गिरवलेला की कागद पाठीमागून फुगला होता. तो काय होता हे मी विचारलं नाही. पहिले दहा सोडवण्यात आमचे दोन महिने गेले.

हे प्रकरण २०२४च्या सप्टेंबर ते नोव्हेंबरमधलं. मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, उदगीर तालुक्यातल्या खेड्यातून रोज एसटीनं येणारी. मी प्राणिशास्त्र शिकवतो आणि समुपदेशन कक्षही माझ्याच गळ्यात आहे. म्हणजे आठवड्यातून दोन दुपारी प्रयोगशाळेमागच्या खोलीत बसतो. तिथं येणारी गाऱ्हाणी ठरलेली असतात. परीक्षेचं टेन्शन, घरच्यांचं लग्नाचं टुमणं, कधी मोबाइलवरून झालेली फसवणूक. ही मात्र आनंदाचं गाऱ्हाणं घेऊन आली. कॉमिक्स, जपानी अ‍ॅनिमेशन, गेम यांच्या चाहत्यांच्या एका मोठ्या संमेलनाला तिला जायचं होतं, तेही आवडत्या पात्राचा पोशाख करून, आणि ठरवल्या दिवसापासून तिला झोप नव्हती. तिच्या परवानगीनं लिहितोय. नाव घालत नाही.

वहीतले मुद्दे

पैसे. घरचे. रात्रीचा प्रवास. राहायचं कुठं. पोशाख वेळेत होईल का. तलवार गाडीत नेऊ देतील का. न विचारता फोटो काढले तर. इंग्रजी. गर्दी. मैत्रिणीनं आयत्या वेळी टांग दिली तर.

ही मैत्रीण निजामाबादची. चार वर्षांची ओळख, सगळी मोबाइलवर. एकमेकींना समोर पाहिलेलं नाही. घरी हे माहीत नव्हतं.

मी पुस्तकी घाई केली. यादीत 'गर्दी' दिसली आणि मी लगेच दीर्घ श्वास कसा घ्यायचा, आकडे कसे मोजायचे हे सांगायला लागलो. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सर, माळेगावच्या जत्रंला मी लहानपणापासून जाते. घोडे, गाढवं, उंट, अन् माणसं तर मोजायचीच नाहीत. गर्दीचं काही नाही ओ. गर्दीत कुणी माझ्याशी बोलायला लागलं तर काय करू, ते सांगा."

मग तिनं एप्रिल २०२२ची गोष्ट सांगितली. ९५वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन उदगीरला झालं, भारत सासणे अध्यक्ष होते, तेव्हा ही अकरावीत होती आणि पाण्याच्या टेबलावर स्वयंसेवक होती. ज्यांचं पुस्तक तिनं तीनदा वाचलं होतं ते लेखक उन्हातून आले, तिच्या हातून दोन ग्लास पाणी प्यायले. तिच्या तोंडून निघालं ते एवढंच: "अजून घ्या." त्या रात्री ती रडली होती. हे सांगताना हसत होती, पण वहीचा कोपरा बोटानं दुमडत होती.

म्हणजे माणसांची संख्या हा मुद्दाच नव्हता. सहा-सात वर्षं ही मुलगी एकटीनं, मोबाइलच्या पडद्यावर, कानात इअरफोन घालून एका जगाची चाहती होती. त्या पात्रांची नावं तिनं हजारदा वाचली होती, लिहिली होती. मोठ्यानं एकदाही उच्चारली नव्हती. घरात उच्चारायची कुणापाशी?

मी म्हटलं, मला काहीच माहीत नाही, तू सांग. (हे खरंच होतं. मला कॉमिक्स म्हणजे लहानपणी एसटी स्टँडवर भाड्यानं मिळायची तेवढीच ठाऊक.) पुढची वीस मिनिटं ती बोलत होती. १९३९मध्ये न्यूयॉर्कला विज्ञानकथांच्या चाहत्यांचं पहिलं जागतिक संमेलन भरलं, जेमतेम दोनशे माणसं. त्यात फॉरेस्ट अ‍ॅकरमन आणि मर्टल डग्लस हे दोघं भविष्यकाळातले कपडे घालून आले, आणि ते कपडे मर्टलनं स्वतः शिवले होते. "शिवले होते सर, विकत नव्हते आणले." सॅन डिएगोचं कॉमिक कॉन हे कॉमिक्सचं संमेलन १९७०मध्ये एका हॉटेलात सुरू झालं, आता तिथं सव्वा लाखाहून जास्त लोक जमतात. टोकियोच्या कॉमिकेट या कॉमिक्स-मेळाव्याला १९७५मध्ये हौशी चित्रकारांचे ३२ गट होते. 'कॉस्प्ले', म्हणजे आवडत्या पात्राचं सोंग घेणं, हा शब्द नोबुयुकी ताकाहाशी या जपानी माणसानं १९८०च्या दशकात रूढ केला. आपल्याकडं जतिन वर्मांनी २०११मध्ये दिल्लीत कॉमिक कॉन भरवलं आणि मग ते मुंबई, बंगळुरू, हैदराबाद असं पसरलं. एवढं सगळं मराठीत, मधूनमधून उदगिरी हेल काढून, न अडखळता.

जिला 'बोलता येत नाही' असं तिनं स्वतःच ठरवलं होतं, ती ही. मी नोंदवहीत लिहिलं: बोलता येतं, ऐकणारं कुणी मिळालेलं नाही.

मुंबई की हैदराबाद

सुरुवातीला तिच्या डोक्यात मुंबईच होती. मराठी मुलांच्या डोक्यात मोठं काही म्हटलं की मुंबई-पुणेच असतं. घरात याच नावावर सगळं अडलं होतं. वडील म्हणाले, "मुंबईत आपलं कोण हाय?" आणि विषय संपला.

इथं समुपदेशनापेक्षा भूगोल कामाला आला. उदगीरहून हैदराबाद सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. मुंबई त्याच्या दुपटीहून जास्त. निजामाच्या काळापासून १९५६पर्यंत उदगीर बीदर जिल्ह्यात होतं; लातूर जिल्हा तर १९८२चा. आमच्या आज्या-पणज्यांचं दवाखाना, कोर्ट, लग्नाचा बस्ता सगळं हैदराबादेत. तिची सख्खी मावशी हैदराबादेत चंदानगरला राहते. परळी-विकाराबाद मार्गावरची रात्रीची गाडी उदगीरहून निघून पहाटे लिंगमपल्लीला पोचते. तिथून चंदानगर हाकेच्या अंतरावर आणि हायटेक सिटीकडं लोकल जाते. थेट नामपल्लीपर्यंत, म्हणजे हैदराबादच्या मुख्य स्टेशनापर्यंत, जायचंच नाही. नोव्हेंबरात तिकडंही असंच संमेलन होतं. वहीतले राहणं, प्रवास, घरचे हे तीन मुद्दे एका वेळापत्रकानं निम्मे झाले.

माझं हे मत पक्कं होत चाललंय. तरुण मुलं भीती सांगतात तेव्हा त्यातल्या पुष्कळ भीतींना उत्तर हवं असतं ते गाडीच्या वेळेचं, पत्त्याचं, पैशाचं. त्या 'मनाच्या' म्हणून मनावर घेतल्या की मूल गप्प बसतं आणि आपण समाधानी होतो.

आई आली होती एकदा कॉलेजात. तिचा प्रश्न एकच होता, "पोरीचे फोटू काढले अन् कुठंबी टाकले तर?" प्रश्न रास्त होता. मुलीनंच उत्तर दिलं. २०१४मध्ये न्यूयॉर्कच्या कॉमिक कॉनमध्ये मोठमोठे फलक लावले होते, त्याचा अर्थ असा की पोशाख केला म्हणजे हात लावायची किंवा फोटो काढायची परवानगी दिली असं नव्हे. तेव्हापासून विचारून फोटो काढायचा ही रीत बहुतेक ठिकाणी झाली आहे. आईनं विचारलं, "अन् न इचारता काढला तर?" मुलगी म्हणाली, "मग पाठ फिरवायची, अन् तिथल्या माणसाला बोलवायचं." आईनं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. खरं तर मला तिथलं काहीच माहीत नव्हतं. मुलीवर विश्वास ठेवला इतकंच. त्याच बैठकीत, माझ्या आग्रहानं, निजामाबादच्या मैत्रिणीचंही आईला सांगून टाकलं. त्यावर दहा मिनिटं वादळ झालं, मग त्या मैत्रिणीच्या आईला फोन लागला, दोघी सोयाबीन आणि हळदीच्या भावावर बोलत बसल्या.

पैशाचं सोंग

आजीला सगळा बेत कळला तेव्हा ती म्हणाली, "रायरंदावाणी सोंग घ्यायला तिकीट काढून जायचं? आमच्याकडं रायरंद दारात यायचा, पायलीभर जवारीत हसवून जायचा." बहुरूप्याला आमच्याकडं रायरंद म्हणतात. आजीनं टोमणा मारला खरा, पण कॉस्प्लेला याहून चांगला मराठी शब्द मला अजून सापडलेला नाही.

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं नाही. त्या वर्षी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये जाहीर होता आणि आडतीवर चार हजारांच्या आगेमागे भाव फुटत होता. बापाकडं मागायचंच नाही, हे तिनं आधीच ठरवलेलं. तिचं उत्पन्न दोन ठिकाणचं होतं: वर्गातल्या मुलांच्या प्रॅक्टिकल जर्नलमधल्या आकृत्या काढून देणं, आकृतीला दहा रुपये (प्राणिशास्त्राचा शिक्षक म्हणून मी हे ऐकलं नाही असं समजावं), आणि गौरी-गणपतीत तीन घरची मखरं. दोन्ही मिळून पाच हजारांत थोडे कमी.

मखराचाच हात पोशाखाला उपयोगी पडला. खांद्याचं आणि छातीचं चिलखत सहा मिलिमीटरच्या फोम शीटचं. आधी वर्तमानपत्राचा कागदी नमुना कापायचा, मग शीटवर आखणी, नव्या ब्लेडच्या कटरनं एका झटक्यात छेद, कडा जोडायला रबरी चिकटद्रव्य दोन्ही बाजूंना लावून दहा मिनिटं सुकू द्यायचं आणि मगच दाबायचं. हीट गन नव्हती. इस्त्रीच्या दुकानदाराकडं बसून गरम इस्त्री लांबून धरत तिनं फोमला बाक आणला. तलवार इलेक्ट्रिकच्या प्लास्टिक पाइपवर, तीन तुकड्यांत, आटे फिरवून जोडायची. धातू कुठंच नाही, कारण अशा संमेलनांत दारावरच सगळी हत्यारं तपासतात आणि खरं पातं परत पाठवतात. विग मागवला, तो सगळ्यात महाग पडला.

पाठीवरच्या केपचं कापड लातूरच्या गंजगोलाईतून आणलं. सोळा रस्त्यांपैकी कुठल्या रस्त्यावर कापड स्वस्त, हे तिला पाठ. पण काठ मनासारखा मिळेना. शेवटी आजीनं स्वतःच जुनं इरकली लुगडं काढून दिलं. लाल काठ, त्यावर बारीक पिवळी वीण, दोन ठिकाणी रफू. जपानी कथेतल्या तलवारधारी पोरीच्या पाठीवर इरकलचा काठ. ती म्हणाली, "चालेल का सर? खरे फॅन म्हणतील हे चुकीचं आहे."

'खरे फॅन' हा शब्द त्या दिवशी तिनं चार वेळा वापरला. मी तो मोजला आणि तरी पुढं गेलो. खोडलेला मुद्दा इथंच कुठंतरी होता.

वडिलांची अट एकच होती आणि ती जत्रेतून आलेली होती. जत्रेत शिरताना आधी ठरवायचं: चुकामूक झाली तर दीपमाळेपाशी. फोन असो वा नसो. मावशी सकाळी दारापर्यंत सोडणार, संध्याकाळी सहाला ठरलेल्या खांबापाशी उभी राहणार. मुलीनं तिथं जायचं, फोन लागायची वाट बघायची नाही.

शनिवार

पुढचं तिच्याकडून ऐकलेलं. बरंचसं तिनं सोमवारी वहीतच लिहून आणलं होतं.

पहाटे लिंगमपल्लीला उतरली. मावशीकडं अंघोळ, चिलखताची गाठोडी उलगडली, विगखाली केस बांधायला दोघींना अर्धा तास. शेंगदाण्याच्या चटणीबरोबरची धपाटी रस्त्याकडेला बसून संपवली. रांगेत पुढं कुणी पंख लावलेलं, मागं कुणी पुठ्ठ्याच्या रोबोटात घुसलेलं, त्याला बसता येत नव्हतं म्हणून त्याचा भाऊ स्ट्रॉनं पाणी पाजत होता. तपासणीच्या टेबलावर तलवारीचे तिन्ही तुकडे जोडून दाखवले, वाकवून दाखवले, तिला फीत बांधून आत सोडलं. पिशवीच्या तळाशी मात्र सोयाबीनची पोती शिवायचं दाभण होतं, चिलखत उसवलं तर असावं म्हणून आणलेलं. ते बाजूला ठेवून घेतलं. तलवार आत गेली, दाभण बाहेर राहिलं.

आणि साडेबाराला डाव्या खांद्याचा जोड सुटलाच. दोष दुसऱ्या कुणाचा नाही. शेवटच्या रात्री घाईत तिनं चिकटद्रव्य सुकू न देताच दाबलं होतं. ती एका भिंतीपाशी खाली बसली, खांदा हातात धरून. घसा कोरडा. आवाज इतका की छातीत ढोल वाजतायत असं वाटत होतं. मैत्रिणीचा पत्ता नव्हता आणि फोन लागत नव्हता. एका जागी हजारो फोन एकाच टॉवरला चिकटले की होतं तसं. वहीतले सहा-सात मुद्दे एकदमच खरे झाले होते.

शेजारी एक मुलगा बसलेला, अंगावर अर्धवट पोशाख, पायातले बूट काढून ठेवलेले. तो म्हणाला, "टूट गया क्या? पिन होना?" आणि हिच्या तोंडून आपसूक निघालं, "हौ ना. दो होना."

हे वाक्य तिनं मला तीनदा सांगितलं. दोन महिने ती इंग्रजीची भीती घेऊन फिरत होती. मी तिला इंग्रजी वाक्यं पाठ करायला दिली होती, हेही कबूल करतो. आणि हैदराबादच्या पोरांनी दखनी काढली. तीच 'हौ', 'नक्को', 'कैकू' जी उदगीरच्या बाजारात, तिच्या वर्गात, शेजारच्या गल्लीत रोज ऐकू येते. तिला ती भाषा 'बोलायची भाषा' वाटतच नव्हती, म्हणून वहीत तिची नोंद नव्हती. मग नावं निघाली. त्यानं तिच्या पात्राचं नाव घेतलं ते हिच्यापेक्षा निराळ्या उच्चारानं. आर्टिस्ट अ‍ॅलीत, म्हणजे चित्रकारांच्या स्टॉलांच्या गल्लीत, स्टिकर विकणाऱ्या बाईनं तिसऱ्याच. कुणाचाच उच्चार कुणाशी जुळत नव्हता आणि कुणाचंच त्यावाचून अडत नव्हतं. इरकलचा काठ त्या बाईनं हातात घेऊन पाहिला, म्हणाली तिच्या आजीकडंही असंच लुगडं होतं, गुलबर्ग्याकडची ती.

मैत्रीण दोनला भेटली. आवाजानंच ओळखलं, चेहरा फोटोपेक्षा वेगळा निघाला. दोघी पहिली दहा मिनिटं एकमेकींशी धड बोलल्याच नाहीत, हसत राहिल्या. स्पर्धेच्या मंचाकडं ती फिरकली नाही, तिला तिथं जायचंच नव्हतं. तिचे अकरा जणांनी विचारून फोटो काढले, दोघांनी न विचारता. एकदा तिनं पाठ फिरवली, दुसऱ्यांदा लक्षातच आलं नाही. सहाला खांबापाशी मावशी उभी होती, हातात पाण्याची बाटली आणि ते दाभण. दारावरून तिनं मागून घेतलं होतं.

परतताना

रविवारी परत येताना ती बीदरहून बसनं आली. विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला होतं. आचारसंहिता, हद्दीवर स्थिर सर्वेक्षण पथक, प्रत्येक बसमध्ये पिशव्यांची झडती. पन्नास हजारांच्या वर रोकड शोधणाऱ्या माणसाच्या हाताला तिच्या पिशवीत तलवार लागली. बस चिडीचूप. त्यानं तुकडा काढला, अंगठ्यानं दाबून पाहिला, फोम आत गेला आणि परत वर आला. "गौरीच्या मखराचं का?" त्यानं विचारलं. ती हो म्हणाली. नंतर मला म्हणाली, खोटं नव्हतं सर, त्याच शीटमधलं उरलेलं आहे.

माझ्या कामात चुकलं काय, तेही नोंदवतो. मी यादीवर काम केलं, माणसावर उशिरा. इंग्रजीचा सराव वाया गेला. दिवसभर उभं राहायच्या पायांचा विचार दोघांनीही केला नव्हता. तिच्या दोन्ही टाचांना फोड आले होते आणि आठवडाभर ती कॉलेजात चपला घालून आली. पाण्याचाही अंदाज चुकला. आणि अकरावा मुद्दा मी सोमवारी विचारला, तो आधी विचारायचा होता.

ती वही उघडून त्या गिरवलेल्या जागेकडं बघत बसली. मग म्हणाली, "लिहिलं होतं की, तिथं जाऊन मला आवडलंच नाही तर? मग माझ्याकडं काय राहील?"

मी विचारलं, मग?

"सगळंच नाही आवडलं. लई आवाज होता. विकायलाच बसलेत अर्धे लोक. दोन-तीन तास तर कधी संपतंय असं झालं होतं." मग थांबून, "रात्री मावशीकडं मोबाइल लावला, तोच जुना भाग बघितला. इअरफोन काढून. मावशी पण बघत बसली. तिनं इतके प्रश्न विचारले सर, शेवट बघायचाच राहिला."

वही मिटताना तिनं शेवटच्या पानावर नवीन काहीतरी लिहिलं. डोकावून पाहिलं तर तिथं होतं: बूट एक नंबर मोठे. पाणी दोन बाटल्या. चिकटवल्यावर दहा मिनिटं थांबणे. मावशीचं पण तिकीट.